आणखी काय?

हर्णैच्या एसटी स्टँडासमोर माझं दुकान.
बंदरावर संध्याकाळचा लिलाव उठला की
गल्ल्यातल्या नोटांना मासळीचा वास येतो,
आणि मी प्रत्येकाला विचारतो: आणखी काय?
वडिलांनी शिकवलेलं. धंद्याचं वाक्य.

गोपिका चोगले चिठ्ठी द्यायची,
कमरेच्या पिशवीतून ओले पैसे काढायची, बस.
पहिली गोळी बारीक, पांढरी, दापोलीच्या डॉक्टरांची.
प्रेशर उतरलं, सूज चढली.
घोट्यावर बोट दाबून तिने दाखवलं:
ओहोटीच्या वाळूत टाच रुतावी तसा खळगा.
भरायला वेळ लागला.
"दुपारनंतर चपलेचा पट्टा लागत नाय."

मुलगा उरणला. त्याने तिकडच्या डॉक्टरला
फोनवर आईचा पाय दाखवला.
सूज म्हणून लघवीची गोळी आली.
दापोलीला कुणी कळवलं नाही.
दापोलीने, प्रेशर हटत नाही म्हणून,
तिसरी लिहिली.
तिसरीने खोकला आणला. कोरडा.
कफ नाही, ताप नाही,
नुसता घशात आडवा काटा.

लिलावात खोकला म्हणजे नुकसान.
भाव अडीच हजारावर असताना
ती खोकायला वाकली,
वर बघते तर सुरमईची पाटी
दुसरीच्या डोक्यावर.
खोकल्याची लाल बाटली मी दिली.
आणखी काय?

रात्री पोटऱ्यांत गोळे.
दिवसभर उकिडवं बसून धरलेले गुडघे.
तर पेनकिलर. चिठ्ठी नव्हती.
मागितली, दिली. दहाची पट्टी,
पुढच्या आठवड्यात आणखी एक.
गळल्यासारखं होतं म्हणून शेजारीण म्हणाली,
रोज दोन शहाळी पी.
आणि मीठ सोड.
सुकटीच्या घरात, मीठ सोड!

एकेक गोळी शहाणीच होती.
पोटात त्यांची एकमेकींशी ओळख
कुणी करून दिली नव्हती.

भाद्रपदात, होड्या पाण्यात गेल्यावर,
पाटी उचलायला ती उठली
आणि उभी राहिलीच नाही.
मासळीच्याच बैलगाडीत घालून
तिला वर रस्त्यावर आणली.
चाकं पाण्यातूनच निघाली होती,
स्टँडापर्यंत दोन ओल्या रेघा.

रिपोर्ट सुनेने मला दाखवला.
पोटॅशियम वर, सोडियम खाली,
क्रिएटिनिनपुढे बाण.
डॉक्टर काय बोलले तेही सांगितलं:
"यांना पेनकिलर कुणी दिली?"
मी रिपोर्टाची घडी घातली.
घडीवर घडी.
कागद एवढासा झाला.

पंधरा दिवसांनी ती स्वतः आली.
पिशवी काउंटरवर उपडी केली:
अर्ध्या पट्ट्या, कातरलेल्या पट्ट्या,
जाळं झाडल्यावर पडतो तसा कचरा.
"ह्यातली माजी कुठची?"
नव्या कागदावर दोनच नावं होती.
दोन मी बाजूला काढल्या.
बाकीच्या तिने हाताच्या कडेने
माझ्याकडे लोटल्या, नासका बोंबील लोटावा तशा.
पेनकिलरचं काही बोलली नाही.
मग मीच म्हणालो, ती मी दिली होती.
"म्हायती हाय," ती म्हणाली.
"पैसे मीच मोजलेले."

खोकला अजून थोडा आहे.
जायला आठवडे लागतात म्हणे.
लिलावाच्या गलक्यातून तो मला इथे ऐकू येतो.
येत नसेलही.

वाक्य तेच ठेवलंय.
काल मुरूडचा एक लॉजवाला
कंबरेसाठी गोळी मागत होता.
आणखी काय?
"काही नाही."
तसं नाही. आणखी काय घेता?
प्रेशरचं? लघवीचं? कुणी फोनवर सांगितलेलं?
"गोळी देताय की खानेसुमारी करताय?"
म्हणत तो पलीकडच्या दुकानात गेला.

तिथे लगेच मिळाली.